एक कोटीची वाट

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला की आपल्या मंडळातले बरेच जण सहलीचे फोटो शोधायला बसतात. गेल्या काही वर्षांत आपण या पानांतून काश्मीर पाहिले, केरळ आणि अंदमान पाहिले, दुबई-सिंगापूरही पाहून झाले. वाचायला आम्हालाही आवडते. पण राज्य शासनात उपयंत्री असलेल्या माणसाची रजा आणि शिल्लक एकाच वेळी जुळून येणे अवघड. म्हणून यंदा आम्ही वाचकांना फार लांब नेत नाही. इंदूरहून तासाभरात पोचता येईल अशा पातालपाणीला नेतो, आणि तिथून छोट्या गाडीने घाट उतरून कालाकुंडला.

ही सहल बहुतेकांनी केलेली आहे. पाऊस लागला की पातालपाणीचा धबधबा, भुट्टे, गरम भजी आणि खिडकीतून दिसणारा हिरवा घाट, एवढे झाले की रविवार सार्थकी लागतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेवढेच पाहून परत येत होतो. गेल्या पावसाळ्यात मात्र आमचे वडील, अण्णा, सोबत होते आणि त्यांच्यामुळे आम्हाला हा रूळमार्ग निराळाच दिसला. ज्या घाटात आपण सहलीला जातो, त्याच घाटातून आपल्यापैकी कितीतरी घराणी माळव्यात आली. आपली मुले जिथे मोबाइलवर फोटो काढतात, तिथे आपल्या आज्या-पणज्या पहिल्यांदा डोक्यावरचा पदर सावरत खिडकीबाहेर डोकावल्या होत्या.

आधी थोडे मागे जाऊ. रेल्वे नव्हती तेव्हा मराठी माणूस इकडे कसा येत असे? घोड्यावर, बैलगाडीने, आणि गरीब असला तर पायी. मुंबई ते इंदूर रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चाल धरली तरी महिना जातो, आणि वाटेत सातपुडा, नर्मदा आणि विंध्याचा चढ हे तिन्ही पार करायचे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले ते असेच. महूच्या परिसरात पोचेपर्यंत बंडाची वार्ता त्यांच्या कानी आली, आणि पुढे झाशीपर्यंत जे काही त्यांनी पाहिले ते त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. ते पुस्तक छापून आले १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांच्या हातून. गोडसे भटजी घरी परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. आज आपण महूला चहा प्यायला जातो, तेव्हा हे आठवावे.

त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधीची खूण याच टापूत आहे. सनावदहून रावेरखेडीला जाता येते. तिथे नर्मदेच्या काठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचा प्रवास तिथे संपला. उत्तरेकडे येणाऱ्या आणि दक्षिणेकडे परतणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला नर्मदा ओलांडावीच लागे.

आता रेल्वेकडे येऊ. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग पुढे भुसावळ, खंडवा असा करीत जबलपूरपर्यंत आला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता सलग जोडले गेले. पण इंदूर या मार्गावर नव्हते. राजधानी विंध्याच्या पठारावर, आणि गाडी खाली निमाडात, खंडव्याला. माळव्याची अफू आणि कापूस बैलगाड्यांतून घाट उतरत होते.

तेव्हा गादीवर महाराज तुकोजीराव होळकर दुसरे होते. व्यापार-उदीम जाणणारा राजा. राज्याची कापडगिरणी काढण्याचे धाडसही त्यांचेच. खंडव्यापासून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे. एरवी संस्थानिक सरकारपुढे हात जोडून उभे राहत. इथे संस्थानिक सावकार आणि सरकार ऋणको. साडेचार टक्क्यांनी एक कोटीचे व्याज वर्षाला साडेचार लाख होते, आणि १८७० मध्ये एकशे एक मिळवले तर १९७१ साल येते. तोवर सरकार गेले, संस्थान गेले, आणि सगळे हिशेब नव्या वह्यांत गेले. पण रूळ राहिले. या मार्गाला नाव मिळाले होळकर स्टेट रेल्वे.

रूळ एक मीटर अंतराचे का, हा प्रश्न आमच्या मुलाने गाडीत विचारला. उत्तर त्याच वर्षात आहे. लॉर्ड मेयो यांच्या काळात सरकारने स्वतः बांधायच्या नव्या मार्गांसाठी स्वस्त पडेल असे मीटर अंतर ठरवले. अरुंद रूळ म्हणजे लहान डबे, हलके पूल, आणि डोंगरात थोडी अधिक वळणे घेण्याची सोय. खर्च वाचला, पण खंडव्याला कायमची एक अडचण बसली. मुंबईकडून येणारी मोठी गाडी तिथे सोडायची, सामान उतरवायचे, आणि छोट्या गाडीत चढायचे. माणसांचेही तेच, मालाचेही तेच. दीडशे वर्षे खंडव्याच्या हमालांनी हे काम केले.

मार्ग सुमारे १४० किलोमीटरचा. १ डिसेंबर १८७४ रोजी खंडवा ते सनावद हा सपाटीचा भाग सुरू झाला. मग नर्मदा. मोरटक्क्याजवळ १९७ फुटांचे चौदा गाळे असलेला लोखंडी पूल उभा राहिला. गुणाकार केला तर सुमारे पावणेअठ्ठावीसशे फूट होतात. उद्घाटन तुकोजीरावांनी केले आणि पुलाला होळकर-नर्मदा पूल असे नाव दिले. ज्या नदीकाठी महेश्वरात अहिल्याबाईंनी घाट बांधले, त्याच नदीवर त्यांच्या वंशाने रूळ टाकले.

खरे कठीण काम त्यापुढचे होते. चोरलपासून महूपर्यंत विंध्याची भिंत उभी आहे. आम्ही पॉलिटेक्निकमधून स्थापत्यशास्त्राची पदविका घेतली, रस्त्यांच्या चढ-उतारांशी आमचा रोजचा संबंध. म्हणून इथला आकडा वाचून आम्ही थबकलो. कालाकुंडजवळ चढ आहे चाळिसास एक. म्हणजे चाळीस फूट पुढे गेले की एक फूट वर. मोटारीला हे काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्याला हा चढ फार. मुंबई-पुण्याच्या बोरघाटातला चढ सदतिसास एक, त्याच्या जवळपास जाणारा. या टप्प्यात चार बोगदे काढले, त्यांची एकूण लांबी ५१० यार्ड. चौदा मोठे पूल बांधले, त्यांतल्या सर्वांत उंच पुलाचे खांब नाल्याच्या तळापासून दीडशे फुटांवर जातात. डोंगर कापून केलेल्या खिंडी आणि दगडी धरभिंती वेगळ्याच. यंत्रे फारशी नव्हती. पहार, सुरुंग, टोपली आणि माणसाची पाठ एवढ्यावर हे झाले. आज दीडशे पावसाळ्यांनंतर त्या धरभिंतींचे सांधे पाहिले आणि आमच्या खात्यातल्या काही नव्या भिंती आठवल्या. त्याविषयी इथे अधिक न लिहिलेले बरे.

१८७८ पर्यंत इंदूर खंडव्याशी जोडले गेले. महिन्याची वाट दोन दिवसांवर आली. हा फरक नुसत्या वेळेचा नव्हता. पायी येणारा माणूस एकटा येई, फार तर चार सोबती घेऊन. रेल्वेने बायको-मुले येऊ लागली, म्हातारे आईवडील येऊ लागले. लेकीला माहेरी बाळंतपणाला जाता येऊ लागले. इंदुरात मराठी वस्ती होळकरांबरोबरच आली होती, पण वऱ्हाड, खानदेश आणि कोकणातून पुढे जी साधी नोकरदार घरे आली, त्यांची वाट ही होती. पलटणीतली माणसेही याच मार्गाने महूला येत. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तेव्हा घाटातली गाडी सुरू होऊन फार तर तेरा-चौदा वर्षे झाली होती.

पुढे या मार्गाची मालकी बदलत गेली. होळकर रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत गेली, ती बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडियात, आणि १९५१ मध्ये ती सगळी पश्चिम रेल्वे झाली. अकोला-खंडवा जोडले गेल्यावर तर जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस महू, खंडवा, अकोला, पूर्णा करीत हैदराबादकडे जाऊ लागली. आमच्या हैदराबादच्या आत्या त्याच गाडीने दिवाळीला येत. एका अरुंद रुळाने इंदूरचा मराठी माणूस विदर्भाशी, मराठवाड्याशी आणि निजामाच्या राजधानीतल्या मराठी माणसाशी बांधलेला होता.

आता आमच्या घरची गोष्ट. आमची आजी १९४६ साली लग्न होऊन खामगावहून इंदूरला आली. आजोबा होळकर दरबारच्या हिशेब खात्यात कारकून. आजीने माहेरून एक पाटा-वरवंटा आणला होता. तिच्या आईचा होता तो. खंडव्याला गाडी बदलताना हमालाने तो उचलून पाहिला आणि म्हणाला, ‘बाई, इंदूरला काय दगड मिळत नाहीत?’ आजोबांनाही तेच वाटत होते, पण नवीन लग्न, बोलणार कसे? त्यांनी हमालाला दोन आणे जास्त दिले. ही गोष्ट आजी मरेपर्यंत सांगत होती आणि प्रत्येक वेळी आजोबा म्हणत, ‘दोन नव्हे, चार आणे.’

अण्णांचे बालपण या गाडीत गेले. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी जायचे म्हणजे दशम्या, लसणाची चटणी आणि पाण्याची सुरई. घाट आला की खिडकीतून तोंड बाहेर काढायचे आणि डोळ्यांत कोळशाची कणी घेऊन रडायचे. येताना कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबे, कारण चढासाठी मागून ढकलणारे दुसरे इंजिन जोडायचे असे. तेवढ्या वेळात फलाटावर पळसाच्या पानांच्या द्रोणांतून कलाकंद विकायला येई. त्या कलाकंदावर कितीतरी घरे चालली. वर पातालपाणीला पुन्हा थांबा. तिथे तंट्या भिल्लाचे ठाणे आहे. इंग्रजांशी झुंजणारा हा वीर १८८९ साली जबलपूरला फाशी गेला. गाड्या त्याला मान देऊन मगच पुढे जातात, असे इथले लोक मानतात. रेल्वेवाले सांगतात की उताराला लागण्याआधी ब्रेक तपासावे लागतात. आम्हाला दोन्ही पटते. उतरणीपूर्वी थांबून ब्रेक पाहणे आणि कुणाला तरी हात जोडणे, यात विरोध कसला?

लांबच्या गाड्या मार्ग रुंद करण्याच्या कामात एकेक करून बंद झाल्या. २०१८ च्या नाताळात सहलीसाठी वारसा गाडी सुरू झाली. तिच्या मोठ्या काचा छान आहेत. पण महूहून ओंकारेश्वर रोडपर्यंत जाणारी साधी, लाकडी बाकांची सवारी गाडी तेव्हाही चालू होती. २०२३ च्या सुरुवातीला तीही थांबणार, अशी बातमी आली. अण्णा म्हणाले, ‘एकदा नर्मदेपर्यंत जाऊन येऊ. पूल ओलांडताना पैसा टाकायचा आहे.’ आजी दरवेळी टाकत असे. आम्ही हो म्हटले. पण त्या पंधरवड्यात एका रस्त्याच्या कामाची मापे घ्यायची होती, मोजमाप पुस्तिका भरायची होती, वरून रोज विचारणा होत होती. पुढच्या रविवारी जाऊ, असे आम्ही दोनदा म्हणालो. तिसरा रविवार आला तेव्हा गाडी बंद झालेली होती. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते.

म्हणून गेल्या पावसाळ्यात, एका शनिवारी, आम्ही त्यांना वारसा गाडीत बसवले. पातालपाणीहून निघून ती नऊ-दहा किलोमीटर उतरते आणि कालाकुंडला थांबते. आमची दोन्ही मुले काचेला नाक लावून बसली. धबधबा दिसताच डब्यात आरडाओरडा झाला. पहिल्या बोगद्यात शिरताना सगळ्या पोरांनी किंकाळ्या मारल्या आणि आमच्या शेजारी सत्त्याहत्तर वर्षांच्या अण्णांनीही मारली. सौभाग्यवतींनी चमकून पाहिले, तर म्हणाले, ‘बोगद्यात ओरडायचं असतं.’

कालाकुंडला उतरून आम्ही कलाकंद घेतला. अण्णा द्रोण हातात धरून फलाटाच्या टोकापर्यंत गेले आणि चोरलच्या दिशेने पाहत उभे राहिले. पुढे गाडी जात नाही हे त्यांना माहीत होते. तरी त्यांनी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारले, ‘इथून खंडव्याला किती वेळ लागायचा हो?’ तो मुलगा विशीतला. तो म्हणाला, ‘बाबूजी, ते मला नाही सांगता येणार.’ अण्णांनी त्याला स्थानकांची नावे क्रमाने सांगितली : चोरल, मुख्तियारा बलवाडा, बडवाह, ओंकारेश्वर रोड, सनावद. तो मुलगा ऐकत राहिला. आम्हीही. ही नावे अशी ओळीने आम्ही त्यापूर्वी कधी ऐकून घेतली नव्हती.

परतताना मोठ्या मुलाने विचारले, ‘आजोबा, गाडी बंद केली ते वाईट केलं ना?’ आमची अपेक्षा होती की अण्णा हो म्हणतील. ते म्हणाले, ‘नाही रे. रुंद रूळ हवाच. आज मुंबईला जायचं तर रेल्वेनं आधी गुजरातेत जावं लागतं, नाहीतर बसनं सेंधवा-धुळे करत रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यायची. तुमच्या पणजीला एक गाडी बदलावी लागली, तुम्हाला एकही लागू नये.’ अण्णांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. चाळिसास एकच्या त्या चढावरून आजच्या मोठ्या मालगाड्या चढणे कठीण, म्हणूनच रुंद मार्ग डोंगरातून दुसरीकडून, लांबचा फेरा घेऊन आखला गेला. आणि त्यामुळेच जुना घाट सहलीपुरता का होईना, वाचला.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपये. तुकोजीरावांच्या एक कोटीपासून आपण इथवर आलो. तो मार्ग पुरा होईल तेव्हा आपली नातवंडे सरळ मनमाडला उतरतील, आणि नर्मदा कधी आली नि कधी गेली हे बहुधा झोपेत त्यांना कळणारही नाही. त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही. मार्ग बदलतच असतात. पायवाट गेली तेव्हा बैलगाडीवाल्यांनाही वाईट वाटले असेल. पण गोडसे भटजींनी लिहून ठेवले म्हणून त्यांची पायवाट आपल्याला आज दिसते. आपल्या घरची छोटी गाडी कोणी लिहून ठेवली?

आमचे म्हणणे एवढेच. आपल्या मंडळातल्या प्रत्येक घरात ‘आमचे पहिले कोण, कुठून, कधी आणि कसे इंदूरला आले’ हे सांगू शकणारे एक तरी माणूस अजून आहे. ते ऐंशीच्या पुढचे असेल, तेच तेच सांगत असेल, दोन आणे की चार आणे यावर अडत असेल. त्याला सांगू द्यावे. आम्ही एका कामासाठी तिसऱ्या रविवारची वाट पाहिली आणि चुकलो. तुम्ही चुकू नका.

मंडळाच्या कार्यकारिणीच्या परवानगीने यंदा दहा दिवस मंडपात, प्रसादाच्या टेबलाशेजारी, एक जाड वही ठेवली आहे. प्रत्येक घराने त्यात एक पान लिहावे. गाव, साल, वाट, गाडी कुठे बदलली, सोबत काय आणले. शुद्धलेखनाची चिंता नको. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, आम्ही आरतीनंतर तिथे बसलेले असू.

पहिले पान अण्णांनी लिहून झाले आहे. खामगाव, १९४६, भुसावळमार्गे खंडवा, छोटी गाडी, पाटा-वरवंटा. तो आमच्या स्वयंपाकघरात अजून आहे. यंदा मोदकांच्या जेवणाची ओली चटणी त्याच्यावरच वाटायची, असे घरात ठरले आहे. वही चाळायला या, आणि चवही घेऊन जा.

गणपती बाप्पा मोरया!